मामाच्या बेसचा जुना पिकप

मामाची बेस गिटार भाचीकडे आली, ती मामाच्या बोटांचे सांधे धरल्यावर. उभा जन्म त्यानं हॉटेलांच्या बँडमध्ये ती वाजवली होती. भाची दवाखान्यात एक्स-रे काढायची आणि सुट्टीच्या दिवशी चौघांच्या ग्रुपमध्ये बेस वाजवायची. गायला तिची सख्खी धाकटी बहीण, ती तिला ताई म्हणायची.

गिटारचा आवाज भरदार होता. पण खोलीतली ट्यूब लागली, की तारांचा आवाज पकडणारा, तारांखालचा पिकप माशी अडकल्यासारखा गुणगुणायचा. शेवटी वैतागून ताईनं तो बदलून घेतला. रिपेअरवाल्यानं काढलेला पिकप डब्यात घालून पुढे सरकवला.

"नेताय, का टाकू?"

"टाका."

बरोबर आलेल्या धाकटीनंच डबा उचलला. "वेड लागलंय का ताई? मामाची वस्तू ती! तुझ्या घरी ठेवलेलं तुलाच सापडत नाही. माझ्या कपाटात राहू दे."

ताईला तेव्हा भरून आलं होतं. धाकटी उडाणटप्पू खरी, पण माणसांना धरून आहे, असं तिनं घरी येऊन नवऱ्यालाही सांगितलं.

नवा पिकप गुणी निघाला. ना गुणगुण, ना कुरकुर. दोन वर्षांनी मामा एकदा तालीम ऐकायला आला. संपल्यावर म्हणाला, "हात छान फिरतोय तुझा. पण पोरी, हा आवाज माझ्या ओळखीचा नाही गं."

तो टोमणा नव्हता, म्हणून जास्तच लागला. ताईनं ठरवलं, जुना पिकप परत बसवायचा.

डब्याचं विचारलं, तर धाकटी आधी म्हणाली, "शोधते." मग म्हणाली, "घर रंगवायला काढलंय." मग डबा म्हणे माळ्यावर गेला.

"चल, मी येते शिडी धरायला."

"तू कशाला त्रास घेतेस? आणून देते ना!"

एका संध्याकाळी ड्यूटी संपवून ताई तालमीच्या जागी राहिलेली केबल आणायला गेली. त्या वेळेपुरती खोली दुसऱ्या कुणी भाड्यानं घेतली होती. बंद दारामागून बेस वाजत होता. जाड, किंचित खरखरीत आवाज, आणि दोन सुरांच्या मध्ये ती माशी. ताईचे पाय जागीच थांबले. असेल दुसऱ्या कुणाची तसलीच गिटार, तिनं स्वतःला समजावलं.

तेवढ्यात गाणं सुरू झालं. पाळण्यातल्या रडण्यापासून ओळखीचा गळा.

तिनं दार ढकललं. धाकटीनं माइक खाली केला. बेसवाला मात्र लगबगीनं पुढे आला. "ताई ना तुम्ही? पिकप दिलात, फार उपकार झाले. असा आवाज शोधून मिळत नाही."

ताईनं बहिणीकडे पाहिलं. "मी दिला?"

"पडूनच होता ना," धाकटी म्हणाली. "तू तर टाकायला निघाली होतीस."

"आणि हे? ग्रुप बदललास?"

"सांगणारच होते. यांना खरंच कार्यक्रम मिळतात, ताई. आपण काय, सुट्टीपुरते."

"पिकपचं तरी विचारायचंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो, म्हणाले असते. म्हणूनच विचारायचं असतं."

बेसवाल्याचा चेहरा पडला. तो भला माणूस. त्यानं तिथंच तारा सैल केल्या, पिकप काढून फडक्यात गुंडाळून तिच्या हातात ठेवला. धाकटी भिंतीकडे पाहत माइकची वायर बोटांना गुंडाळत राहिली. एवढीशी गोष्ट, आणि परक्यासमोर! असं काहीतरी पुटपुटली. माफी मागितली नाही.

ताई जिन्यात बसली. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. माळा, रंग, शिडी, एकेक थाप आठवून कान तापत राहिले. वस्तू गेली असती, तर हळहळ वाटून सरली असती. पण धाकटी तोंडावर गोड बोलत होती, आणि आपण शिडी धरायला निघालो होतो.

पिकप परत बसला. मामानं ऐकला. डोळे मिटून, दुखरी बोटं मांडीवर हलवत तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग उठता उठता त्यानं विचारलं, "धाकटी कुठंय? तिला बोलव की. गाऊ दे यावर."

ताईनं आवाजाचं बटण बंद केलं. "तिचा घसा बसलाय," ती म्हणाली, आणि त्याला काठी काढून दिली.