कॅप्टन रूटचा ढोल

लढाई संपली तरी कॅप्टन रूटना काही स्वस्थ बसवेना. केझियाला वाटलं होतं, फ्रेंचांशी लढून आलेला नवरा आता चार दिवस घरात टेकेल. कसलं काय! आधी पाणचक्की घातली, मग रमचं दुकान थाटलं, मधेच रेशमाचे किडे पाळले, ते बिचारे थंडीने मेले. अमेरिकेत कनेटिकटमधल्या त्यांच्या गावची बंदुकांची कवायत घ्यायला पुन्हा हेच. आणि सगळ्याला ढोल एकच, लढाईतून आणलेला. दोन ठोके म्हणजे बंदुका घेऊन या. तीन म्हणजे दळण आणा. सलग कडकडाट म्हणजे रम आली, बुधले आणा.

"अहो, लोकांची डोकी फिरतील!" केझिया म्हणायची. पण ऐकतोय कोण?

त्या दिवशी बर्फ वितळून नदी फुगली होती. पाणचक्कीच्या चाकात ओंडका अडकला म्हणून कॅप्टन चाकाखालच्या खड्ड्यात उतरले आणि त्याच ओंडक्याखाली त्यांचा पाय सापडला. पाणी कमरेला लागलं. केझियाने ओढून पाहिलं, पाय हलेना. मग ती धावत जाऊन ढोल बडवायला लागली. दोन की तीन, कुणाला भान!

गाव पळत आलं. कुणाकडे बंदूक, कुणाच्या पाठीवर मक्याचं पोतं, कुणाच्या काखेत बुधला.

"शत्रू कुठंय?" बंदूकवाला जोथम ओरडला.

"कसला शत्रू? बाजूला हो, माझा नंबर आधी," पोतेवाला झेनस म्हणाला.

"अरे, दळण नव्हे, रम आलीय!"

"मेल्यांनो, गप्प बसा! माणूस बुडतोय!" केझिया किंचाळली.

"कोण, फ्रेंच?"

"माझा नवरा!"

तेवढ्यात खड्ड्यातून आवाज आला, "दोन आणि तीन एकदम कोण वाजवतंय रे गाढव?"

केझियाच्या जिवात जीव आला. पोती, बुधले तिथेच टाकून माणसं खाली उतरली. पाणी हनुवटीला टेकलं होतं. बंदुकांचे दस्ते घालून त्यांनी ओंडका उचकटला.

संध्याकाळी कॅप्टन चुलीशी बसले होते, पाय फळीला बांधलेला. चेहऱ्यावर गोंधळ तसाच.

"केझिया, तो ठोका नेमका कुठला गं? कवायतीचा नव्हता, दळणाचाही नव्हता."

ती मक्याची पेज ढवळत होती. तिला एकदम रडू फुटलं.

"घरचा होता," ती म्हणाली. "तो तुम्ही कधी ठरवलाच नव्हता."