बिनविजेचं झुंबर

मखमलाबादच्या शकुबाईंना नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये मोठं झुंबर हवं होतं. भाची दिशा कॉलेज रोडला इंटिरियरची कामं करायची. तिने साफ नकार दिला.

"मावशी, अठरा बल्ब कशाला? आणि लोडशेडिंगमध्ये ते झुंबर काय अंधार पाडणार?"

तिने भिंती पांढऱ्या केल्या, पश्चिमेला उंच खिडकी काढली अन् समोर तिरका आरसा लावला. हॉल दिवसभर लखलखायचा. स्वयंपाकघर मात्र भर दुपारीही काळोखंच राहिलं.

नेमके दुपारीच चांदवडचे पाहुणे आले, शकुबाईंच्या मीनाला बघायला. मुलगा ललित आणि त्याचे वडील. वडिलांचं नाव झुंबरआप्पा. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तेवढ्यात लाईट गेली.

शकुबाई अंधारात साखरेचा डबा चाचपत होत्या. डबा हाती लागला, पण चव घेतली तर मीठ! इतक्यात स्वयंपाकघरात झकास उजेड पडला. त्यांनी दारातून डोकावून पाहिलं. आरशातली तिरीप थेट आप्पांच्या टकलावर पडत होती आणि तिथून उसळून ओट्यावर येत होती.

आप्पा चिवड्याच्या बशीवर वाकले की अंधार. मान वर केली की उजेड.

"आप्पा, मान जरा वरच असू द्या," शकुबाई आतून ओरडल्या.

आप्पांना वाटलं, काय हा मान! ते ताठ बसले. थोड्या वेळाने ऊन सरकलं, तसे शकुबाईंच्या खुणेवरून त्यांचे यजमान वाल्मीक गुपचूप आप्पांची खुर्ची ढकलू लागले. तिसऱ्यांदा खुर्ची हलली तेव्हा आप्पा भडकले.

"अहो, मला बाहेर काढताय का काय?"

मीनाला हसू आवरेना. तिने खरं काय ते सांगून टाकलं. शकुबाईंना वाटलं, आता मोडलं लग्न!

आप्पांनी डोक्यावरून हात फिरवला. "खरंच उजेड पडतोय? बघू तरी." ते उठून आत गेले. आत मिट्ट काळोख. परत येऊन बसले, उजेड पडला. पुन्हा धावत गेले, काळोख. चौथ्या फेरीला त्यांना धाप लागली.

मदतीला आलेली दिशा म्हणाली, "काका, तुमच्या खुर्चीवर स्टीलची परात टेकवते, मग बघा."

"परात?" आप्पा दुखावले. "मी हाय ना इथं!"

"आप्पा, तुम्ही बसा. मी बघून येतो," ललित म्हणाला आणि आत गेला. मीना आधीच आत जाऊन पोह्यांसाठी कांदा चिरत होती.

आप्पा मान न हलवता बसून राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मानेला रग लागली. आतून दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता.

"आरं ललित, दिसतंय का काही?"

"लय छान दिसतंय, आप्पा. अजून थोडा वेळ हलू नका."