बांधावरचं ताट

लेकीला समतेवरच्या भाषणात पहिलं बक्षीस मिळालं, म्हणून चोपड्याच्या लीलाधरभाऊंनी आपल्या केळीच्या बागेत भरीत पार्टी ठेवली. नववीतली मयुरी शाळेत सामाजिक न्याय शिकत होती आणि फुगले होते भाऊ! येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून तिचं भाषण ऐकवत होते.

वांगी भाजली शेतावर वर्षभर राबणाऱ्या सालदार नथ्थूने, लाकडी बडजीत कुटलीही त्यानेच. सतरंजीवर पाहुण्यांपुढे केळीची पानं मांडली गेली. नथ्थू मात्र घरून आणलेलं जर्मनचं ताट घेऊन लांब बांधावर जाऊन बसला. त्याची लेक रूपाही मागे गेली. रूपा मयुरीच्याच बाकावरची. भाषणाला सगळ्यात जोरात टाळ्या तिच्या होत्या.

मयुरीने वाढलेलं पान उचललं आणि बांधाकडे निघाली.

"अगं, पाहुणे तुझ्यासाठी आलेत!" भाऊ दबक्या आवाजात म्हणाले.

"पप्पा, भाषणात जे बोलले त्यातलं थोडं तरी करू द्या."

पहूरहून आलेले झुलालआबा खो खो हसले. "लीलाधर, पोरीनं तुझ्यावरच मोर्चा काढला रे!"

चारचौघांत शोभा! भाऊंनी बायकोकडे तक्रार नेली. "मी नथ्थूला कधी तिकडे बस म्हटलं का?"

कळण्याची पुरी वाढता वाढता पुष्पाबाई थांबल्या. "नाही म्हटलं. पण इतक्या वर्षांत इकडे बस, असंही नाही म्हटलं."

भाऊंनी हातातला घास परत पानात ठेवला. ज्याच्या हातचं भरीत सगळे बोटं चाटून खातात, त्याला भर केळीच्या बागेत एक पान मिळू नये!

ते उठले. विळ्याने दोन कोवळी पानं कापून स्वतःच्या पानाशेजारी मांडली. "नथ्थूभाऊ, आठे ये!"

"राहू द्या भाऊ, माले सवय शे."

"माले बी तीच सवय शे, गड्या. आज मोडूत."

नथ्थू घुटमळला. रूपा मात्र केव्हाच उठली होती. झुलालआबा जरा आखडले. पण गरम भरीत टाकून उठणं त्यांच्या जिवावर आलं. सरकले बिचारे!

"पप्पा, आणि आईचं पान?" मयुरीने विचारलं.

भाऊ हसले आणि पुन्हा विळा घेऊन उठले.

मंडळी, अन्याय करायला दर वेळी हुकूम सोडावा लागत नाही. आपण हाक मारत नाही, तेवढ्यानेही तो होतो. मुलं शाळेत समता शिकतात, परीक्षा घरी आपली असते. पानं बागेत भरपूर आहेत. हाक तेवढी मारायला हवी.