ताईचं टेबल

ताईनं धंदा उभा केला तो फाटक्या दप्तरांवर. ऐकायला विचित्र वाटेल, पण खरं आहे.

सुरुवातीला होतं काय? एक खोली, एक शिलाई मशीन आणि पोटच्या पोरासारखा सांभाळलेला धाकटा भाऊ. जाहिरातीला दमडी नव्हती, पण डोकं होतं. शाळेच्या फाटकासमोर झाडाच्या फांदीला ताई स्वतः शिवलेलं दप्तर टांगायची आणि त्यात धाकट्याला बसवायची. पोरगं पाय हलवत झोके घ्यायचं, येणारे-जाणारे हसायचे आणि हसता हसता पट्ट्याकडे बघायचे. "फाटलं तर घेऊन या, जन्मभर फुकट शिवून देईन!" ताई ओरडायची. लोक म्हणायचे, बाई खुळी आहे, फुकट शिवत बसली तर खाणार काय?

खुळी कसली! फाटकं दप्तर आलं की ताई आधी सुई घ्यायची नाही. ते टेबलावर उलटं करून बघत बसायची. कुठे उसवलं, कापड का विरलं, वजन कुठे पडलं. मग पुढचं दप्तर नेमकं तिथेच पक्कं व्हायचं. पट्ट्याच्या मुळाशी आतून जाड कापडाचा तुकडा, त्यावर दुहेरी टीप, हे सगळं तिला त्या टेबलानंच शिकवलं. इतरांनी तिचे रंग उचलले, आकार उचलले. फाटकी दप्तरं कोण उचलणार?

कारखाना झाला, दुकानं झाली, धाकटा शिकून आला. ताईनं कौतुकानं सगळा कारभार त्याच्या हाती दिला. त्यानं पहिलं काम काय केलं, तर दुरुस्ती बंद.

"ताई, शिवण्यापेक्षा नवं देणं स्वस्त पडतं. गिऱ्हाईकही खूश."

"आणि का फाटलं, ते कोण बघणार? तुझा तो कॉम्प्युटर?"

ताईनं आकाशपाताळ एक केलं. जेवण टाकलं, अबोला धरला. टेबल गेलं तर धंद्याचे डोळे गेले, एवढंच तिचं म्हणणं. शेवटी धाकटा नमला. टेबल त्यानं मोठ्या दुकानात काचेमागे मांडलं, वर छानसा दिवा लावला आणि पाटी लावली, 'इथे आजही ताई स्वतः शिवतात'. रोज फाटकी दप्तरं येऊ लागली. ताई हरखली. पोरगं शेवटी माझंच, म्हणाली.

पण हळूहळू तिला चुटपुट लागली. दप्तरं भलत्याच जागी फाटत होती. ओझं येतं पट्ट्यावर, मग पोट का फाटावं? कडा सरळ, एक दोरा लोंबत नाही. आणि आतून कोरी करकरीत! असतील कुणाची पोरं खोडकर, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. सुख लाभलं होतं ना, नसते प्रश्न विचारायची इच्छा होईना.

एका दुपारी एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. दप्तराचा पट्टा मुळापासून निखळलेला. काउंटरवरच्या मुलीनं गोड हसून नवं दप्तर दिलं आणि जुनं मागच्या डब्यात फेकलं. ताई उठली आणि तिनं सरळ डब्यात हात घातला.

"अहो ताई, ते तुमच्यासाठी नाही," काउंटरवरची मुलगी धावत आली. "तुमची कपाटात ठेवलीत. सकाळीच कापली मी..." आणि तिनं जीभ चावली.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी सवयीनं तिनं आधी दप्तर टेबलावर उलटं केलं. आतला जाड तुकडा नव्हता. दुहेरी टीप नव्हती. एकेरी टीप, तीही लांब लांब टाक्यांची.

धाकटा वरच्या ऑफिसातून खाली आला.

"तो तुकडा मीच काढायला लावला," तो सहज म्हणाला. "जन्मभर टिकणारं दप्तर विकून कोण मोठं झालंय, ताई?"

"आणि ही कापलेली दप्तरं? आत पेन्सिलीचा भुगासुद्धा नाही रे! कुठल्या पोरानं वापरलीत ही?"

"लोकांना बघायला आवडतं. तमाशा तूच शिकवलास ना? मला झाडाला टांगायचीस, विसरलीस?"

"टांगत होते! पण त्या दप्तरात खरं पोर होतं. माझं होतं. टीप उसवली असती तर तुझं डोकं फुटलं असतं, म्हणून प्रत्येक टीप मी दातांनी ओढून बघायची." ताईचा आवाज चिरकला. तिनं फळीवरचं नवंकोरं दप्तर ओढून त्याच्या हातात कोंबलं. "तुझी मुलगी आता तेव्हाच्या तुझ्याएवढीच आहे ना? आण उद्या तिला. बसव यात, टांग त्या हुकाला. होऊन जाऊ दे तमाशा!"

धाकट्यानं पट्ट्याचं मूळ बोटांनी चाचपलं. चांगलं दोनदा चाचपलं. त्याचा चेहरा उतरला. मनाला लागलं पोराच्या, असं ताईला वाटलं आणि तिचा जीव गलबलला.

दप्तर फळीवर नीट ठेवून त्यानं काउंटरवरच्या मुलीला बाजूला बोलावलं.

"ब्लेड बंद कर," तो हळूच म्हणाला. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उद्यापासून हातानं ओढून फाडत जा. आणि आत थोडा पेन्सिलीचा भुगा टाक. आज ताईला कळलं, उद्या गिऱ्हाइकालाही कळेल."

ताईनं टेबलावरचा दिवा बंद केला, बोटावरची शिवणाची टोपी काढून ठेवली आणि ती बाहेर पडली. रस्ता ओलांडल्यावर तिनं मागे वळून पाहिलं. दिवा पुन्हा लागला होता. तिच्या खुर्चीत काउंटरवरची मुलगी बसली होती आणि सुईत दोरा ओवत होती. काचेबाहेर दोघं-तिघं थांबून कौतुकानं बघत होते.