निकाहाआधी लपलेली नवरी

सगळं अडलं होतं एका वाक्यावर. काझीसमोर, साक्षीदारांदेखत नवरदेव एथमाननं म्हणायचं होतं, की तेकबेर घरात असेतो मी दुसरी बायको करणार नाही. केली, तर ही त्याच क्षणी मोकळी. अद्रारच्या वाळवंटी मुलखात ही अट काही जगावेगळी नव्हती. कितीतरी मुली ती घालतात आणि नवरे निमूटपणे म्हणून टाकतात. पण एथमानचा मामा शेखना सकाळी अतारहून आला, चहाचा पहिला पेला हातात घेतला आणि म्हणाला, "आमच्या घरात असली वाक्यं म्हणत नाहीत. आमच्या मुलावर विश्वास नसेल तर मुलगी देऊच नका."

तेकबेरचे वडील मुख्तार मवाळ गृहस्थ. ते नुसते दाढीवरून हात फिरवत राहिले. एथमान मामाच्या शेजारीच होता. बाप गेल्यापासून याच मामानं त्याला वाढवलेलं. तो चटईची काडी उसवत बसला.

पडद्याआडून सलकानं हे ऐकलं. सलका तेकबेरची मावशी. बहीण जाऊन वर्षही झालं नव्हतं, म्हणून लग्न लहानच करायचं आणि शहरातल्या मांडवात न करता बहिणीच्या माहेरच्या विहिरीपाशी, उघड्या वाळूवर करायचं, हे सलकानंच ठरवलं होतं. तंबू उभे करून घेणं, पाण्याची पिंपं आणवणं, मेंढे निवडणं, ढोलवाल्या बाईला आधीपासून सांगून ठेवणं, सगळं तिनं एकटीनं निभावलं होतं. चुलीसुद्धा वाऱ्याचा अंदाज घेऊन टेकाडाच्या आडोशाला मांडल्या होत्या. आणि आता हे.

ती नवरीच्या तंबूत गेली. तेकबेर काळा मलहफा अंगभर गुंडाळून, मेंदीचे हात गुडघ्यांवर पालथे टाकून बसली होती. जवळ तिची मैत्रीण सेनिया.

"मामा नाही म्हणतोय," सलका म्हणाली.

"आणि हा?"

"हा गप्प आहे."

तेकबेर उठून उभी राहिली. "ठीक आहे. मग मी लपते."

नवरीला मैत्रिणींनी लपवायचं आणि नवऱ्याच्या मित्रांनी शोधून काढायचं, हा तिकडचा जुना खेळ. पण त्याची वेळ निकाहानंतरची.

"अगं, आधी निकाह, मग लपवालपवी."

"या खेपेला उलटं. काझी माझा होकार विचारायला माणसं पाठवतील ना? तेव्हा मी नसेन. त्यानं वाक्य म्हटलं की सापडेन."

"जाणार कुठं?"

"वाळलेल्या खजुरबागेतल्या दगडी खोलीत. सेनियाची गाडी आहे. मावशी, फक्त तुला सांगतेय. शब्द दे, कुणाला बोलणार नाहीस."

सलकानं शब्द दिला. आपण शहाणपणा करतोय की मूर्खपणा, हे तिला तेव्हा कळेना. पण स्वतःच्या लग्नात तिच्या बाजूनं कुणी असं भांडलं नव्हतं, एवढं तिला आठवलं. पोरी मागच्या बाजूनं सटकल्या.

दुपारची नमाज झाली आणि होकार विचारायला दोघे जण आले, तर तंबू रिकामा. एथमानच्या मित्रांना आधी मजाच वाटली. "अरे, हिला तर फारच घाई झालीय," म्हणत ते गाड्या घेऊन निघाले. विहीर, टेकाडं, मेंढपाळांची झोपडी, सगळीकडे धुंडून आले. परत आले तेव्हा कुणी हसत नव्हतं. पूर्वेकडची आभाळाची कड पिवळी पडली होती आणि तंबूंची कापडं फडफडायला लागली होती.

"झालं लग्न," शेखना मामा म्हणाला. "जी निकाहाआधीच पळते ती घर काय करणार?"

"पळाली नाही ती," सलका म्हणाली.

"मग दाखवा ना कुठं आहे. की मावशीचीच शिकवण आहे ही?"

वारा चढत होता. सलकानं पोरांकरवी चुली विझवल्या, मांसाच्या पातेल्यांवर चामडी टाकली, दोर पुन्हा ताणून घेतले. हात कामात होते, पण मन त्या खोलीत. बागेतली ती खोली खोलगट जागी आहे, दार वाऱ्याच्या तोंडावर आहे, हे आत्ता कुठं तिच्या ध्यानात येत होतं.

एथमान तिच्यामागे येऊन उभा राहिला. पागोट्याचं टोक त्यानं नाकावर ओढून घेतलं होतं. "मावशी, तुम्हाला ठाऊक आहे ती कुठंय."

"ठाऊक आहे. तू ते वाक्य म्हण, आत्ता घेऊन जाते."

"मामासमोर?"

"साक्षीदारांसमोर. तिथं मामा असला तर असला."

"माझ्या मनात दुसरी कुणी नाही, मावशी. कधी येणारही नाही. पण त्यांना सगळ्यांदेखत खाली पाडायचं..."

"मग तिनं खाली पडायचं का?"

तेवढ्यात ढोलवाल्या बाईचा तंबू एका बाजूनं उखडला आणि बायका ओरडल्या. पूर्वेला आता कड उरलीच नव्हती; तांबूस भिंत सरकत येत होती. शब्द कुणाला दिला, कशासाठी दिला, सलकाला काही सुचेना. डोळ्यांसमोर आली ती बहीण, आणि बहिणीला आपण काय तोंड दाखवणार, एवढंच.

"गाडी काढ," ती म्हणाली. "खजुरबागेकडे."

वाळूनं वाट पुसून टाकली होती. एथमान काचेला नाक लावून अंदाजानं हाकत होता. दोनदा चाकं रुतली, दोनदा दोघांनी उतरून हातांनी वाळू उपसली. बाग आली ती अचानक, खजुरीची वाळकी खोडं समोर उभी राहिली तेव्हा कळली. खोलीचं दार निम्मं गाडलं गेलं होतं. एथमाननं खांद्यानं ढकलून फट केली आणि आत शिरला.

आत कुणी नव्हतं. चटई नाही, पेला नाही, पावलाचा ठसा नाही.

"इथं आल्याच नाहीत त्या," सलका म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

एथमान बाहेर धावला. "तेकबेर," म्हणून हाका मारत तो खोडांमधून फिरला. तोंडात वाळू जाऊन खोकत होता, थुंकत होता, पुन्हा हाक मारत होता. शेवटी सलकानं त्याला बाहीला धरून गाडीत ओढलं. "इथं आपण दोघं मेलो तर तिला शोधणार कोण? माणसं घेऊन येऊ."

परत आले तेव्हा सगळे पुरुष मोठ्या तंबूत दाटीवाटीनं बसले होते. सलका पडद्याची पर्वा न करता सरळ आत गेली आणि सगळ्यांसमोर बोलली. कुठं लपायचं ठरलं होतं, आपण शब्द कसा दिला, आणि खोली कशी रिकामी निघाली. मुख्तार उठून पागोटं बांधायला लागले.

"बघा," शेखना मामा म्हणाला, पण आवाजात मघाचा जोर नव्हता. "एका वाक्यापायी."

एथमान त्याच्याकडे वळला. तोंड, पापण्या, सगळं वाळूनं पांढरं. "हो मामा, एकच वाक्य होतं. सकाळीच म्हणायला हवं होतं मी." मग तो काझींसमोर गुडघ्यांवर बसला. "साक्षीदार आहेत ना? ऐका." आणि त्यानं ते वाक्य म्हटलं. पहिल्यांदा खोकल्यात बुडालं म्हणून पुन्हा एकदा, स्पष्ट. "आता गाड्या काढा," तो मित्रांना म्हणाला.

"गाड्या राहू देत," बायकांच्या बाजूनं आवाज आला.

ती एथमानची आई होती, मुनीना. अंगानं जड, गुडघ्यांचं निमित्त सांगून सकाळपासून आपल्या तंबूच्या दारातून उठली नव्हती. आता मात्र उठून चालत आली होती. "पोरी माझ्याकडे आहेत. निघाल्या खऱ्या, पण वाटेत आभाळ बघून मागं वळल्या. मी त्यांना माझ्या गाद्यांमागं बसवलं, गाडी तंबूमागं कापडाखाली झाकली."

मुख्तारांनी अल्लाचे आभार मानत दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले.

"ताई, तू आम्हाला..." शेखना मामा म्हणाला.

"शेखना, माझ्याही निकाहाला तूच बोलला होतास की चांगल्या घरात असलं म्हणत नाहीत. मग याच्या बापानं तिकडे नुआदिबू बंदरात दुसरं घर थाटलं. मला ते बाजारात कापड घेताना कळलं. तेव्हा तू कुठं होतास?"

मामानं पेला उचलला आणि रिकामाच तोंडाला लावला.

सलका मात्र मुनीनाच्या तंबूत गेली ती तावातावानं. तेकबेर गाद्यांमागून उठून पुढं झाली.

"मी तिकडं हातांनी चाकांखालची वाळू उपसत होते," सलका म्हणाली. "आणि तू इथं चहा पीत होतीस."

"मला नंतर कळलं, मावशी. गाडी निघून गेल्यावर. मी बाहेर पडत होते, यांनी धरून ठेवलं." तेकबेर रडत होती. "मला वाटलं तूही गेलीस, तोही गेला."

"मीच धरलं," मुनीना मागून म्हणाली. "राग माझ्यावर काढा."

सलकानं तिच्याकडे पाहिलंही नाही. भाचीला तिनं जवळ घेतलं, पण बोलली नाही. बोलायला तिला रात्र जावी लागली.

वारा पडायच्या आत, फडफडत्या कापडाखाली निकाह झाला. काझींच्या माणसांना होकार देण्याआधी तेकबेरनं एथमानला पडद्याजवळ बोलावून घेतलं.

"सकाळी गप्प का होतास?"

"घाबरलो होतो."

"मामाला?"

"हो. आता तुला पण."

तिनं होकार दिला, पण लगेच नाही. त्याला जरा वेळ उभं ठेवून.

मांसात वाळू गेली होती, भातात गेली होती, दुधाच्या वाडग्यांतसुद्धा तळाला बसली होती. सगळे दात करकरवत जेवले. शेखना मामा जेवला, पण ढोल वाजायच्या आधी निघून गेला आणि पुढं बरेच महिने भाच्याच्या घरी फिरकला नाही. सलकाला त्याचं काही वाटलं नाही. ती पडलेला तंबू पुन्हा उभा करण्यात गुंतली होती, कारण पाहुणे झोपणार कुठं हे अजून ठरायचं होतं.