मावशी इथेच बसेल

चष्म्याच्या दुकानातली ती पोरगी दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची, काड्या वाकवून द्यायची आणि आरसा धरायची. गिऱ्हाईक अडून बसलं की तीच फ्रेम स्वतः घालून दाखवायची. गिऱ्हाईकाला वाटायचं, आपणही असेच दिसणार. हा गैरसमज घरी पोचेपर्यंत टिकला की मालक खूश.

एकदा तुटलेली काडी घेऊन एक फोटोग्राफर आला. "मॉडेलिंग का नाही करत? फोटोत छान येशील," म्हणाला. नव्या मुलींचे फोटो तो फुकट काढायचा. मुलीला कुठे दाखवायला चार फोटो होतात, त्याला नवा चेहरा मिळतो. कपड्यांच्या एका दुकानाला जाहिरातीसाठी मुलगी हवी होती, तिथेही तो तिचे फोटो दाखवणार होता. पोरगी हरभऱ्याच्या झाडावर चढली. बाविसाव्या वर्षी नाही चढायचं तर कधी?

तिला मावशीने वाढवलेलं. मावशी शिवणकाम करायची, आणि कोणाला नाही म्हणायचं तर तिच्या अगदी जिवावर यायचं. फोटोंच्या दिवशी ती सोबत आली.

स्टुडिओ म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेर सोफा, आत भिंतीवरून जमिनीपर्यंत सोडलेला पांढरा कागद, दोन मोठे दिवे आणि एक पंखा. तिथला ड्रेस पोरीला ढगळ झाला, तेव्हा मावशीने पाठीमागून चिमटे लावून आवळला. पुढून राजकन्या, मागून वाळत घातलेलं धुणं. तासभर काम झकास चाललं. पोरगी खुलली होती.

मग तो म्हणाला, "आता जरा वेगळे काढू. मावशी, तुम्ही बाहेर बसता का? घरचं माणूस समोर असलं की मुली अवघडतात."

इतकं अदबीने सांगितल्यावर मावशी कसली थांबते! पिशवी उचलून ती उठलीसुद्धा. पोरीने तिचा हात धरला.

"मावशी इथेच बसेल."

"जशी मर्जी," तो हसून म्हणाला आणि त्याने एक दिवा बंद केला. आजच्यापुरतं पुष्कळ झालं म्हणाला. कबूल केल्याप्रमाणे त्याने फोटो पाठवले, चांगलेच होते. कपड्यांच्या दुकानाकडून मात्र कधीच बोलावणं आलं नाही.

महिन्याभराने चौकात त्या दुकानाचं भलंमोठं पोस्टर लागलं. मुलगी दुसरीच होती. पोरीने खोट काढायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण फोटो सुरेख होता. मुलगी मजेत हसत होती. तिच्या वाट्याला काही वाईट आलं असेल, असं वाटण्यासारखं त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मावशी शेजारीच उभी होती.

"तिथे मी असते," ती मावशीवर उखडली. "तू आली नसतीस तर मीच असते. त्याने काय खाल्लं असतं का मला?"

"नसतंही खाल्लं," मावशी म्हणाली. "माणूस सरळही असेल. पण मी उठले होते गं. हात तूच धरलास."

बाजूने माणसं ये-जा करत होती. पोरगी हळूच म्हणाली, "मला भीती वाटली होती."

"मलाही वाटली होती," मावशी पोस्टरकडे न बघता म्हणाली, "आणि तरी मी उठले होते."