जळलेला दगड

लाईल बर्गस्ट्रॉमचा शनिवार कधी बदलत नसे. सकाळी मुलींसाठी पॅनकेक, मग दारासमोरचा बर्फ उपसणं, दुपारी दोनला कर्लिंगचा, म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवून वर्तुळाच्या मध्याजवळ न्यायच्या खेळाचा सामना, आणि सामना संपला की मुली आजोबांच्या ट्रकमध्ये बसून अठ्ठावीस किलोमीटरवरच्या शेतावर मुक्कामाला रवाना. मग संध्याकाळ लाईलची आणि त्याच्या बायकोची, नादियाची. आठवडाभर तो शेतीयंत्रांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरमागे उभा राहून लोकांच्या तक्रारी ऐकायचा तो या एका संध्याकाळच्या जोरावर. क्लबात जेवण, पत्त्यांचे दोन डाव, पाय थकले नसतील तर थोडा नाच. यात काय एवढं, असं कुणाला वाटेलही. ज्याच्या घरात नऊ आणि सहा वर्षांच्या दोन मुली आहेत, त्याने म्हणून दाखवावं.

त्या शनिवारी सासरेबुवा सकाळीच हजर झाले. ओरेस्ट हावरिलुक, वय एकाहत्तर, तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेले. तीन वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून शेतावर एकटेच राहायचे. नादिया त्यांना आपल्या युक्रेनी भाषेत तातो म्हणायची, तिचं ऐकून लाईलही तातोच म्हणायला लागला होता. मुलींचे ते गिदो, म्हणजे आजोबा. नातींना घेऊन जायचं, त्यांना पेरोगी, ती बटाटा भरून उकडलेली करंजी, करून घालायची, रात्री पत्त्यांत मुद्दाम हरायचं, एवढ्यासाठी म्हातारा आठवडा काढतो हे सगळ्या घराला ठाऊक होतं.

बूट दारात काढून ते स्वयंपाकघरात आले ते थेट धाकट्या ब्रिनच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यावर पाय देऊन. त्या ठोकळ्यावर लाईलने आजवर किती शिव्या हासडल्या होत्या त्याची गणती नाही. ओरेस्टने मात्र हूं की चूं केलं नाही. ठोकळा मोज्याला चिकटला, आणि तो तसाच घेऊन ते टेबलापर्यंत चालत गेले.

"गिदो, तुझ्या पायाला ठोकळा!" ब्रिन खिदळली.

ओरेस्टने खाली पाहिलं. "अगं, चोरून नेत होतो. पकडलंस होय?"

सगळे हसले, लाईलही हसला. पण त्यांनी खाली पाहिलं तेव्हा क्षणभर त्यांचा चेहरा कसा झाला, ते त्याने पाहिलं होतं. पाहिलं आणि पॅनकेक उलटला. नोव्हेंबरात म्हाताऱ्याने ट्रक गॅरेजच्या दारावर नेऊन ठोकला होता, तेव्हा "बर्फावर घसरला" हे उत्तरही त्याने असंच गिळलं होतं. बारा वर्षांचा मधुमेह आहे, एकदा डॉक्टरला पाय दाखवा, एवढं म्हणायला कितीसं बळ लागतं? पण म्हटलं असतं तर शनिवारची संध्याकाळ गेली असती. हे लाईलला तेव्हाही कळत होतं, आणि त्याची त्याला लाजही वाटत होती.

सामना होता व्हर्ना पिलॉनच्या संघाशी. व्हर्नाचं गावात हार्डवेअरचं दुकान, साठीची बाई, खिळा विकतानासुद्धा गिऱ्हाइकाकडे संशयाने बघणारी. हावरिलुक संघाचे कप्तान अर्थात ओरेस्ट. गुडघ्यांमुळे आताशा ते आपले दोन दगड काठीने ढकलायचे आणि बाकी वेळ पलीकडच्या टोकाला रंगीत वर्तुळात उभं राहून ओरडायचे. शेवटचे दगड नादिया टाकायची. दगडाची वाट गुळगुळीत करायला त्याच्यापुढे झाडूने बर्फ घासत पळायचं काम लाईलचं आणि शेजारच्या मर्लचं. बाहेर उणे सव्वीस, आत घाम.

या खेळात, निदान त्यांच्या गावात, पंच नसतो. चालत्या दगडाला ज्याचा झाडू किंवा पाय लागेल, त्याने स्वतः हात वर करून 'जळला' म्हणायचं. मग दगडाचं काय करायचं ते समोरचा कप्तान ठरवतो. दुसऱ्याने बोट दाखवायचं नाही. कुणी पाहिलं तरी गप्प बसायचं आणि त्या माणसाच्या तोंडाकडे बघत वाट पाहायची. नाहीच बोलला तर कुणी भांडत नाही. पुढच्या हंगामात त्याला कुणी संघात घेत नाही, इतकंच. ओरेस्टने मुलींना चालता येतं न येतं तोच हे शिकवलं होतं. ते स्वतः असे, की झाडूचा एक केस जरी लागल्याचा संशय आला तरी आख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं 'जळला!' ओरडायचे.

शेवटची फेरी, शेवटचा दगड, दोन्ही संघ बरोबरीत. काचेमागे चाळीसेक माणसं कॉफीचे कप धरून उभी होती, आणि अगदी पुढे थोरली टेसा आणि ब्रिन काचेला नाकं लावून.

नादियाने दगड सोडला.

"घासा!" ओरेस्ट गरजले. "घासा रे, झोपलात काय? लाईल, जोर लाव, बायको बघतेय तुझी!"

लाईल आणि मर्ल वाकून घासत निघाले. वीस किलोचा दगड गुरगुरत वर्तुळात शिरला. "बास! सोडा!" ओरेस्ट ओरडले आणि स्वतः झाडू घेऊन दगडाशेजारी मागे मागे सरकू लागले. लाईल हातभर अंतरावर होता. म्हाताऱ्याचा उजवा बूट दगडाच्या वाटेत आला, दगड बुटाच्या कडेला चांगलाच घासला, बोटभर वळला आणि बरोबर मधल्या ठिपक्यावर जाऊन थांबला. तो धक्का न लागता तर दगड पुढे निघून गेला असता.

"आपला!" ओरेस्टने दोन्ही हात वर केले. "जिंकलो! वा गं माझी पोर!"

कुणीच टाळी वाजवली नाही. व्हर्ना दगडाकडे बघत नव्हती, ओरेस्टच्या तोंडाकडे बघत होती. काचेमागची माणसंही. मर्लने मान खाली घातली. सगळा हॉल एका शब्दाची वाट बघत होता आणि म्हातारा हसत उभा होता, कारण त्याला काही कळलंच नव्हतं.

लाईलला मात्र कळलं. लबाडी नव्हती ती. एवढा जड दगड पायाला घासून गेला आणि त्या पायाला पत्ता नाही. तोच पाय अर्ध्या तासाने ट्रकच्या ब्रेकवर असणार, आणि मागच्या सीटवर दोन पोरी.

व्हर्ना अजून थांबली होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर चाळीस वर्षं खरेपणाने खेळलेल्या माणसावर लबाडाचा शिक्का बसला असता. लाईलने हात वर केला.

"जळला," तो म्हणाला. "माझा झाडू लागला."

व्हर्नाने त्याच्याकडे पाहिलं. तिची नजर एकदा त्याच्या झाडूवर गेली, एकदा ओरेस्टच्या बुटावर. "बरं," ती म्हणाली आणि वाकून तो दगड बाजूला सारला. आता मध्याला सगळ्यांत जवळ तिचाच दगड उरला, आणि सामनाही गेला.

"तुझा झाडू?" ओरेस्टचा चेहरा लालबुंद झाला. "अरे, सोडा म्हटलं ना मी! बैलाला कळतं तेवढंही कळत नाही तुला? पोरीने सोन्यासारखा दगड टाकला आणि तू त्याची माती केलीस!"

"चुकलं, तातो."

"चुकलं म्हणे!"

नादिया धावत आली. "लाईल, खरंच लागला? इकडून तर—" पण नवऱ्याचं तोंड बघून ती थांबली.

सामना संपला की दोन्ही संघांनी एका टेबलावर बसायचं, पेयांची पहिली फेरी जिंकणाऱ्यांच्या पैशाने, ही तिथली रीत. ओरेस्टने कधी ती मोडली नव्हती. त्या दिवशी मात्र ते बसले नाहीत. "अंधाराआधी पोचतो," एवढं पुटपुटून मुलींना कोट चढवून ते बाहेर पडलेसुद्धा. लाईल झाडू जागेवर ठेवून वळला तर टेबलाशी फक्त व्हर्नाची माणसं होती.

"नादिया, मुली कुठेत?"

"आत्ताच गेल्या तातोबरोबर. का रे?"

तो कोट न घालताच धावला. थंडी कानशिलात बसली. वाहनतळाच्या टोकाला ट्रक सुरू होता, धुराचा पांढरा लोट मागे उठत होता. लाईलने जाऊन चालकाच्या बाजूचं दार उघडलं. मागे मुली पट्टे लावून बसल्या होत्या.

"तातो, मी सोडतो तुम्हाला. सरका जरा."

"तू? का?"

"रस्ता खराब आहे."

"तू लंगोटात होतास तेव्हापासून मी या रस्त्यावर तुझ्यासारख्यांना शाळेत पोचवतोय." ओरेस्टने दाराला हात घातला. "झाडूने सामना घालवलास, आता ट्रक पण घालवतोस होय? सोड दार."

लाईलने दार सोडलं नाही. दाताला दात लागत होते. मुलींसमोर बोलायचं नव्हतं, पण मुली तिथेच होत्या, त्यांच्यासाठीच तर बोलायचं होतं.

"माझा झाडू लागलाच नव्हता. तुमचा पाय लागला."

"काय?"

"उजवा. दगड घासून गेला बुटाला. सगळ्यांनी पाहिलं."

"खोटं." ओरेस्टचा आवाज एकदम खाली आला. "मला कळलं नसतं?"

"तेच म्हणतोय मी, तातो."

मागच्या सीटवरून टेसाने हळूच म्हटलं, "गिदो, मी पण पाहिलं. मला वाटलं, तू सांगशील."

म्हाताऱ्याने तिच्याकडे वळून पाहिलं नाही. स्टिअरिंगवरचे हात घट्ट झाले. "बूट जाड आहेत," ते म्हणाले. "जाड बुटातून कुणालाच कळत नाही."

"बरं. आत्ता उजवा पाय कुठे आहे? खाली बघू नका. नुसतं सांगा."

"ब्रेकवर. आणखी कुठे असणार?"

 लाईलने ट्रकच्या मागे पाहिलं. दिवस कलला होता, ब्रेक दाबलेला असता तर मागच्या बर्फावर लाल उजेड पडला असता. बर्फ पांढरा होता. ओरेस्टने त्याची नजर कुठे गेली ते पाहिलं, आणि मग आरशात पाहिलं.  मांडी दाबून पाय आणखी खाली रेटला, आणि इंजिन मोठ्याने घोंगावलं. ब्रिन दचकून किंचाळली.

ट्रक गिअरमध्ये नव्हता म्हणून बरं.

ओरेस्टने घाईघाईने किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

"पायाच्या बोटांतलं कळेनासं झालं होतं, ते माहीत होतं मला," ते किल्लीकडे बघत म्हणाले. "गॅरेजच्या दारानंतर. वाटलं, बोटांचं काय एवढं. डॉक्टरकडे गेलो तर पहिली किल्ली काढून घेईल. मग शनिवारी मी..." वाक्य पुरं झालं नाही. "नोव्हेंबरपासून नेतोय रे मी यांना. दर शनिवारी. असाच."

"मलाही संशय होता," लाईल म्हणाला. त्याला आता थंडी जाणवत नव्हती. "मी पण बोललो नाही. आम्हाला संध्याकाळ मोकळी मिळायची ना."

दोघं एकमेकांकडे बघू शकले नाहीत. म्हाताऱ्याचा राग यावा असं लाईलला फार वाटत होतं, पण येत होता तो स्वतःचाच.

मग ओरेस्टने किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली आणि ट्रकच्या बाजूला धरून खाली उतरले. "आणि माझा दगड तू स्वतःवर घेतलास," ते म्हणाले. "कुणी सांगितलं होतं? चाळीस वर्षांत माझं कुणी झाकलेलं नाही. पोरींना आत आण."

ते एकेक पाऊल बघून टाकत आत गेले. लाईल मुलींना घेऊन मागोमाग. टेबलाशी व्हर्नाचा संघ, मर्ल आणि नादिया बसले होते. नादिया उभी राहिली. ओरेस्ट टोपी काढून टेबलासमोर थांबले आणि नेहमीसारखं, आख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं बोलले.

"तो दगड माझ्या पायाने जळला. जावयाचा झाडू लागला नव्हता. मी बोललो नाही कारण मला कळलं नाही. उजवा पाय गेलाय माझा, कळत नाही त्यातलं काही. आजपासून मी गाडी चालवणार नाही."

नादियाने तोंडावर हात धरला. कुठेतरी कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला. व्हर्नाने पायाने शेजारची खुर्ची बाहेर सरकवली.

"दगडाचं माहीत होतं मला," ती म्हणाली. "बस, ओरेस्ट. पहिली फेरी आमची आहे."

ते बसले. टोपी त्यांनी टेबलावर ठेवली. ब्रिनने मात्र यातलं अर्धंच ऐकलं होतं. ती टेबलाखालून जाऊन त्यांच्या गुडघ्याशी उभी राहिली.

"गिदो, मग शनिवारी आम्हाला घ्यायला कोण येणार?"

ओरेस्टने तिला उचलून मांडीवर घ्यायला दोन वेळा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा लाईलने तिला उचलून त्यांच्या मांडीवर दिलं.

"कुणी नाही," ते तिच्या केसांत तोंड घालून म्हणाले. "आता तुम्ही यायचं मला घ्यायला."